युद्धाचा जमाखर्च

फ्रेडरिक फोर्साइथ यांची 'द डॉग्ज ऑफ वॉर' ही कादंबरी १९७४ मध्ये आली. तेव्हापासून तिचे वाचक एकमेकांशी वाद घालत आहेत, आणि वाद बहुतेक वेळा एकाच जागी पेटतो. कादंबरीच्या पहिल्या भागात पश्चिम आफ्रिकेतल्या एका डोंगरात प्लॅटिनमचा साठा असल्याचं कळतं. शेवटच्या भागात मूठभर भाडोत्री सैनिक एका रात्रीत त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाचा वाडा घेतात. या दोहोंच्या मध्ये पसरले आहेत तयारीचे शंभर दिवस. त्यात बँकेत खाती उघडली जातात, नावापुरत्या कंपन्या काढल्या जातात, गंजकं मालवाहू जहाज विकत घेतलं जातं, रबरी होड्या, गणवेश, दारूगोळा यांची वेगवेगळ्या देशांत खरेदी होते. लढाई कुठेच नाही. काही वाचक इथे पुस्तक मिटतात. काहींना हाच भाग इतका आवडतो की शेवटचा हल्ला त्यांना उपसंहारासारखा वाटतो.

या संग्रहात एकत्र केलेली वाचकांची मतं वाचताना मला पटत गेलं की हा वाद निव्वळ आवडीनिवडीचा नाही. मधल्या पानांबद्दल वाचकाचं जे मत, त्यावर बहुधा त्याचं सगळ्या कादंबरीबद्दलचं मत ठरतं. माझी बाजू आधीच सांगतो. हे पुस्तक मोठं झालं ते या मधल्या पानांमुळे. बंदूक चालवणारा माणूस साहित्यात फार जुना आहे. बंदुकीचं बिल कोण भरतं, कुठल्या खात्यातून भरतं आणि त्या खात्यावर कुणाचं नाव असतं, हे इतक्या चिकाटीनं सांगणारी कादंबरी त्याआधी माझ्या वाचनात नाही.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडं कथानक सांगायला हवं. सर जेम्स मॅन्सन हा लंडनचा खाणसम्राट. झांगारो या काल्पनिक देशातल्या क्रिस्टल माउंटन नावाच्या डोंगरात प्लॅटिनम आहे, हे एका नमुन्याच्या तपासणीतून त्याला कळतं आणि तो ही बातमी दाबतो. झांगारोचा राष्ट्राध्यक्ष जाँ किम्बा हा क्रूर, संशयी, वेडाकडे झुकलेला हुकूमशहा. त्याला हटवून एका बाहुल्याला गादीवर बसवायचं, त्याच्याकडून खाणीचे हक्क कवडीमोलानं घ्यायचे आणि ते हक्क ज्या मेलेल्या कंपनीच्या नावावर येतील तिचे शेअर आधीच गुपचूप विकत घेऊन ठेवायचे, असा मॅन्सनचा बेत. त्यासाठी तो मध्यस्थामार्फत शॅनन या भाडोत्री सैनिकाला कामाला लावतो. शॅनन आपले जुने साथीदार गोळा करतो: एक जर्मन, एक कॉर्सिकन, एक दक्षिण आफ्रिकन, एक बेल्जियन. हल्ला यशस्वी होतो. पण अखेरीस शॅनन मॅन्सनच्या बाहुल्याला गोळी घालतो आणि सत्ता सोपवतो ती आधीच्या एका युद्धात हरलेल्या, आपला देश गमावलेल्या आफ्रिकी सेनापतीच्या माणसांकडे. कादंबरीच्या पहिल्या प्रसंगात रात्रीच्या विमानातून पळून जाणारा सेनापती तो हाच.

हा सेनापती कोण आणि हरलेलं युद्ध कुठलं, हे फोर्साइथ नाव घेऊन सांगत नाहीत. सांगायची गरजही नव्हती. १९६७ मध्ये नायजेरियाचा पूर्व भाग बियाफ्रा या नावानं फुटून निघाला आणि यादवी युद्ध पेटलं. बीबीसीचे वार्ताहर म्हणून फोर्साइथ तिथे गेले. ब्रिटिश सरकार नायजेरियाच्या केंद्र सरकारला शस्त्रं पुरवत होतं, आणि तिथल्या तेलात ब्रिटिश कंपन्यांचा मोठा पैसा गुंतलेला होता. आपण पाहतो ते आणि लंडनहून प्रसारित होतं ते यांत त्यांना अंतर दिसलं. १९६८ मध्ये त्यांनी बीबीसी सोडली आणि ते स्वतंत्र पत्रकार म्हणून बियाफ्रात परतले. १९६९ मध्ये त्यांनी त्या युद्धावर पुस्तक लिहिलं. जानेवारी १९७० मध्ये बियाफ्रा कोसळला. लाखो माणसं भुकेनं मेली होती, त्यांत मुलं सर्वांत जास्त. फोर्साइथ रिकाम्या हातानं इंग्लंडला परतले आणि त्याच महिन्यात 'द डे ऑफ द जॅकल' लिहायला बसले. पस्तीस दिवसांत लिहून झालेल्या त्या कादंबरीनं त्यांना जगभर नेलं. तिच्यानंतर 'द ओडेसा फाइल' आली आणि मग ही.

हा क्रम लक्षात ठेवला तर आपल्या कादंबरीतला राग कळतो. 'जॅकल'मध्ये लेखक थंड आहे. मारेकरी आणि पोलीस, दोघांकडे तो सारख्याच नजरेनं पाहतो. 'डॉग्ज ऑफ वॉर'मध्ये तो पक्ष घेतो. मॅन्सनसारख्या माणसांबद्दल त्याला खरा संताप आहे, आणि तो संताप बियाफ्रातून आलेला आहे.

झांगारोमागेही खरा देश आहे. इक्वेटोरियल गिनी १९६८ मध्ये स्पेनपासून स्वतंत्र झाला आणि फ्रान्सिस्को मासियास न्गेमा त्याचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. अकरा वर्षांच्या त्याच्या राजवटीत हजारो माणसं मारली गेली आणि लोकसंख्येचा फार मोठा हिस्सा परागंदा झाला. देशाचा खजिना त्यानं स्वतःच्या गावी नेऊन ठेवला होता. कादंबरीतल्या किम्बानं खजिना, शस्त्रागार आणि रेडिओ केंद्र एकाच वाड्यात आणून ठेवलं आहे, म्हणून तर एक वाडा घेतला की देश हाती येतो. झांगारोच्या राजधानीचं नाव फोर्साइथनी क्लॅरेन्स ठेवलं. इक्वेटोरियल गिनीची त्या काळातली राजधानी मलाबो ब्रिटिशांनी वसवली तेव्हा पोर्ट क्लॅरेन्सच होती.

१९७८ मध्ये लंडनच्या 'संडे टाइम्स'नं छापलं की १९७३ च्या सुमारास या देशात सत्तापालट घडवण्याची तयारी खरोखर झाली होती आणि तिच्यामागे फोर्साइथ यांचा पैसा होता. त्यांनी ते नाकारलं. आपण कादंबरीसाठी माहिती काढत होतो, असं त्यांचं म्हणणं. हॅम्बुर्गमध्ये आपण शस्त्रांच्या व्यापाऱ्यांत दक्षिण आफ्रिकन गिऱ्हाईक म्हणून वावरलो आणि त्यांतल्या एकानं पुस्तकाच्या दुकानात 'जॅकल'च्या जर्मन आवृत्तीवर आपला फोटो पाहिल्यावर जीव घेऊन पळालो, हा किस्सा त्यांनी स्वतःच सांगितला आहे. आपण ब्रिटिश गुप्तहेर खात्यासाठी कामं केली होती, हेही त्यांनी २०१५ च्या आत्मचरित्रात लिहिलं. अशा लेखकाची कादंबरी वाचताना वाचकाच्या मनात सतत एक प्रश्न राहतो, की यातलं किती घडलेलं आहे? या संग्रहातल्या निम्म्याहून अधिक लेखनात तो प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात आलेला आहे.

भाडोत्री सैनिकांवरच्या लेखनाची परंपरा मोठी आहे. इराणच्या गादीसाठी लढायला गेलेल्या दहा हजार ग्रीकांची परतीची वाट झेनोफॉननं लिहून ठेवली. इटलीतल्या संस्थानांना भाड्याच्या फौजांवर विसंबू नका असं मॅकियाव्हेलीनं बजावलं. आपल्या कादंबरीला सर्वांत जवळचा पूर्वज मात्र जोसेफ कॉनरॅडची १९०४ ची 'नोस्ट्रोमो'. तिथेही एक काल्पनिक देश आहे, चांदीची खाण आहे आणि खाणीच्या मालकीभोवती फिरणारं राजकारण आहे. कॉनरॅडला माणसाच्या मनाचं काय होतं ते पाहायचं होतं. फोर्साइथना व्यवहार कसा होतो ते. साहित्याच्या प्राध्यापकांनी आजवर पहिल्यालाच मान दिला. तो योग्यच आहे, पण दुसऱ्या प्रश्नाला लागणारी बुद्धीही कमी दर्जाची नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विषयाला उधाण आलं ते काँगोमुळे. १९६० मध्ये काँगो स्वतंत्र झाला आणि लगेच खनिजांनी भरलेला कटांगा प्रांत वेगळा झाला. त्याच्या बाजूनं लढायला बेल्जियन, फ्रेंच, दक्षिण आफ्रिकन भाडोत्री सैनिक उतरले. त्यांच्यासमोर संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत भारतीय ब्रिगेड उभी होती. डिसेंबर १९६१ मध्ये एलिझाबेथव्हिलमध्ये कटांगाच्या सैन्यानं अडवलेला रस्ता मोकळा करताना कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना वीरमरण आलं आणि त्यांना परमवीर चक्र मिळालं. भाडोत्री सैनिकांच्या बहुतेक इंग्रजी कादंबऱ्यांत या भारतीय सैनिकांचा मागमूस नाही. भारतीय वाचकानं ही गोष्ट विसरू नये.

त्याच काँगोत पुढे १९६४ मध्ये माइक होअर नावाचा माणूस गाजला. त्याचा जन्म कलकत्त्याचा. नोव्हेंबर १९८१ मध्ये बियर पिणाऱ्यांच्या एका मंडळाचे पर्यटक असल्याचा बहाणा करून तो आपल्या माणसांसह सेशेल्समध्ये सरकार उलथवायला उतरला. विमानतळावर सामानात बंदूक सापडली, बेत फसला, आणि पळ काढण्यासाठी त्यांनी मुंबईकडे निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७०७ ताब्यात घेऊन दरबानला नेलं. विमानातल्या प्रवाशांसाठी ही थरारकथा नव्हती. सात वर्षांनी, ३ नोव्हेंबर १९८८ ला, श्रीलंकेतल्या तमिळ गटाचे भाडोत्री बंदूकधारी मालदीवची राजधानी मालेत घुसले. त्याच रात्री आग्र्याहून निघालेले भारतीय छत्रीधारी सैनिक हुलुलेच्या धावपट्टीवर उतरले आणि तो सत्तापालट उधळला. मालेतली ती पहाट आणि क्लॅरेन्समधली ती रात्र यांच्यातलं साम्य अंगावर येतं. फरक इतकाच की कादंबरीतल्या देशाच्या मदतीला कुणी आलं नाही.

आता वाचकांकडे वळू. मतांचे प्रवाह बरेच आहेत, त्यांतले ठळक सांगतो.

पहिला प्रवाह कारागिरीवर भाळणाऱ्यांचा. यांत जहाजांवर नोकरी केलेले, बँकेत आयुष्य घालवलेले, आयात-निर्यातीचे कागद हाताळलेले वाचक अधिक दिसतात, आणि त्यांचं कौतुक जाणकाराचं आहे. शस्त्र विकत घेणं अवघड नाही, ते कायदेशीर दिसेल अशा कागदासकट विकत घेणं अवघड आहे, हे कादंबरीचं मर्म त्यांना लगेच कळतं. खोट्या दाखल्यावर घेतलेला दारूगोळा, तेलाच्या पिंपांच्या तळाशी दडवलेली मशीन पिस्तुलं, 'तोस्काना' जहाजाची बंदराबंदरांतून होणारी फेरी, ही पानं त्यांनी पेन्सिल हातात घेऊन वाचली आहेत.

दुसरा प्रवाह कंटाळलेल्यांचा. त्यांची तक्रार मी हसण्यावारी नेणार नाही. फोर्साइथ यांची पात्रं कामापुरती जिवंत असतात. शॅननच्या मनात काय चाललं आहे हे शेवटच्या काही पानांपर्यंत कळत नाही, आणि मॅन्सनच्या मुलीचं उपकथानक तर इतकं उथळ आहे की ते गाळलं असतं तर पुस्तक सुधारलं असतं. माणसं हवी असणाऱ्या वाचकाला 'जॅकल'मधला पोलीस अधिकारी लेबेल आठवतो आणि इथे तसं कुणी सापडत नाही. १९८० च्या चित्रपटात क्रिस्टोफर वॉकेननं शॅननला एकाकीपणा दिला. कादंबरी वाचल्यावर तो चित्रपट पाहणाऱ्या काही वाचकांनी तोच शॅनन अधिक खरा मानला आहे. चित्रपटानं खरेदीची बहुतेक पानं मात्र गाळली, आणि त्याबरोबर कादंबरीचा कणाच गाळला, असं मला वाटतं.

तिसरा प्रवाह शेवटावरून भारावलेल्यांचा. एक भाडोत्री माणूस मालकाला फसवतो आणि देश त्याच्या हाती जाऊ देत नाही, यात त्यांना न्याय दिसतो. बियाफ्राचा इतिहास माहीत असणाऱ्यांना तर अधिकच.

चौथ्या प्रवाहाला तो न्याय मान्य नाही, आणि मला वाटतं या संग्रहातलं सर्वांत मोलाचं लेखन इथलं आहे. त्यांचा प्रश्न साधा आहे: झांगारोच्या लोकांना कुणी विचारलं? मॅन्सन न विचारता देश घेऊ पाहतो आणि शॅनन न विचारता तो दुसऱ्या कुणाला देतो. ज्यांना सत्ता मिळते ते प्रामाणिक आहेत यावर वाचकानं शॅननच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. झांगारोचा सामान्य माणूस या जाडजूड पुस्तकात जवळजवळ बोलतच नाही. तो घाबरतो, बाजूला सरतो किंवा मरतो. कादंबरी आल्यानंतर वर्षभरातच, १९७५ मध्ये, चिनुआ अचेबे यांनी कॉनरॅडवर आपलं गाजलेलं व्याख्यान दिलं आणि आफ्रिकेला केवळ पार्श्वभूमी म्हणून वापरण्यावर बोट ठेवलं. फोर्साइथवर ते बोललेच नव्हते, पण त्यांचा आक्षेप इथे तंतोतंत लागू पडतो. अचेबे स्वतः बियाफ्राच्या बाजूनं उभे होते, फोर्साइथही. म्हणजे एकाच युद्धात एकाच पक्षाचे असूनही दोघांचं पाहणं वेगळं. चिमामांडा न्गोझी अदिची यांची २००६ ची 'हाफ ऑफ अ यलो सन' याच युद्धावर आहे आणि तिच्यात माणसांना स्वयंपाकघरं आहेत, शेजार आहेत, प्रेमं आहेत. इक्वेटोरियल गिनीचे लेखक डोनातो न्दोंगो यांनी मासियासच्या दहशतीवर स्पॅनिशमध्ये कादंबरी लिहिली. तोच हुकूमशहा त्याच्या प्रजेच्या डोळ्यांनी कसा दिसतो हे त्यांच्याकडून कळतं. या पुस्तकांच्या शेजारी ठेवल्यावर फोर्साइथ यांची मर्यादा उघडी पडते. माझ्या मते ती मर्यादा कारागिरीच्या कौतुकानं भरून निघत नाही. मॅन्सनवर खटला भरताना लेखकानं एक आरोप लावलाच नाही: परक्या देशाचं भवितव्य शंभर दिवसांत बाहेरून ठरवता येतं, हा समज. तो समज लेखकाचाही आहे.

मराठी वाचकांच्या मतांत एक आणखी धागा आहे, आणि तो बाहेरच्या कुठल्या समीक्षेत मिळणार नाही. भाड्याचा सैनिक म्हटलं की आपल्याला गारदी आठवतो. पानिपतावर १७६१ मध्ये इब्राहिमखान गारदी शेवटपर्यंत लढला आणि पकडला जाऊन मारला गेला. बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ ला, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना मारणारे सुमेरसिंगाचे लोकही गारदीच. आणि १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपलं तेव्हा शिंद्यांच्या कवायती पलटणींतले अनेक युरोपीय अधिकारी कंपनीचं आश्वासन मिळताच चाकरी सोडून गेले. निष्ठेनं मरणारा, पैशासाठी धन्याला मारणारा आणि पारडं फिरताच निघून जाणारा, असे तिघेही आपल्या स्मरणात आहेत. शॅनन यांतला कुठला? तो पैसे घेऊन धन्याला फसवतो, पण ज्या हरलेल्या सेनापतीचं मीठ आधी खाल्लं त्याच्याशी इमान राखतो. मिठाला जागण्याची ही कल्पना मराठी वाचकाला चटकन कळते, आणि कदाचित म्हणूनच शॅननला माफ करणारे आपल्याकडे जास्त आहेत. याच वाचकांना शनिवारवाड्याची आठवण करून देणारे दोन-तीन लेख या पुस्तकात आहेत. ते जरूर वाचावेत.

पन्नास वर्षांनी हे सगळं का काढायचं? कारण कादंबरीतला व्यवहार थांबलेला नाही. इक्वेटोरियल गिनीत १९७९ मध्ये मासियासला त्याचाच पुतण्या तिओदोरो ओबियांग यानं हटवलं. नव्वदच्या दशकात तिथे समुद्रात तेल मिळालं. मार्च २००४ मध्ये हरारेच्या विमानतळावर एक बोइंग ७२७ अडवलं गेलं. त्यातल्या माणसांचं नेतृत्व सायमन मान हा माजी ब्रिटिश लष्करी अधिकारी करत होता आणि बेत होता ओबियांगला काढून परागंदा असलेल्या एका नेत्याला बसवण्याचा. या प्रकरणात मार्गारेट थॅचर यांचे चिरंजीव मार्क यांना दक्षिण आफ्रिकेतल्या न्यायालयात गुन्हा कबूल करून दंड भरावा लागला. एका कादंबरीत तीस वर्षांपूर्वी रचलेला बेत त्याच देशात, त्याच आकारात उभा राहिला, फक्त प्लॅटिनमच्या जागी तेल आलं.

आज हा धंदा नोंदणीकृत कंपन्या करतात. २००७ मध्ये बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटरच्या रक्षकांनी सतरा इराकी नागरिकांना मारलं. रशियाच्या वॅग्नर गटानं मध्य आफ्रिकेत बंदुकीच्या बदल्यात सोन्याच्या आणि हिऱ्यांच्या खाणींत शिरकाव केला आणि २०२३ मध्ये तो मॉस्कोच्या दिशेनंच चाल करून निघाला. नावापुरत्या कंपन्यांचं म्हणाल तर २०१६ च्या पनामा पेपर्सनी दाखवलं की मॅन्सनची युक्ती आता किती मोठ्या प्रमाणावर चालते. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये भाडोत्री सैनिकांविरुद्ध करार केला, पण सैनिक पुरवणाऱ्या आणि वापरणाऱ्या बहुतेक बड्या राष्ट्रांनी त्यावर सही केलेली नाही. अशा काळात बिलं भरणाऱ्याकडे बोट दाखवणारी कादंबरी आणि तिच्याशी भांडणारे वाचक, दोघांचीही गरज आहे.

या संग्रहात समीक्षकांना मुद्दाम कमी जागा दिली आहे. फोर्साइथ यांच्यासारखे लेखक वाचनालयांतून, रेल्वेच्या डब्यांतून, फुटपाथवरच्या जुन्या प्रतींतून वाचले गेले, आणि त्यांच्याबद्दलची खरी मतं गप्पांत बोलली गेली, छापली गेली नाहीत. ती एकत्र आणणं हा संपादनाचा हेतू आहे. परस्परविरोधी लेख शेजारी ठेवले आहेत, कुणाचंही मत सौम्य केलेलं नाही. कादंबरीचा शेवट यांतल्या बहुतेक लेखांत उघड होतो, तसा तो या प्रस्तावनेतही झाला आहे.

फोर्साइथ जून २०२५ मध्ये वारले. ओबियांग त्यानंतरही सत्तेवर होताच. वाचकांना एवढीच विनंती आहे, की आधी कादंबरी वाचा, मधली पानं न गाळता वाचा, आणि मग या संग्रहातल्या ज्या मताशी तुमचं सर्वांत कमी जुळेल त्यापासून सुरुवात करा.